डिलक्स रिव्हर्ब, एसी१५ की मार्शल? आधी सांगा, वाजवणार किती मोठ्याने

प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षं गिटार वाजवतोय. एक टेलिकास्टर आहे आणि एक हमबकरवाली (दुहेरी गुंडाळीचे पिकअप असलेली), लेस पॉलच्या धाटणीची. महिन्यातून दोनदा पबमध्ये बँडबरोबर कार्यक्रम असतो, बाकी सराव कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. जुनी हिंदी गाणी, ब्लूज, शेवटी दोन-तीन हार्ड रॉक. आतापर्यंत मॉडेलिंग ॲम्पवर (चिपने इतर ॲम्पची नक्कल करणारा) भागवलं, आता काचेच्या ट्यूबवर चालणारा खरा ट्यूब ॲम्प घ्यायचाय. फेंडर डिलक्स रिव्हर्ब, व्हॉक्स एसी१५ आणि मार्शल डीएसएल४० यांत अडकलोय. त्यात एक मित्र त्याचा शंभर वॉटचा जेसीएम८०० विकतोय. टोन आणि सोयी, दोन्ही बाजूंनी तुलना करून सांगाल का?

सांगतो. पण मी हे ॲम्प समोरून कमी आणि मागून जास्त पाहिलेत. वीसेक वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर गेली, त्यामुळे माझी तुलना थोडी पत्रा उघडून केलेली असेल. आणि ती टोनपासून नाही, आवाजाच्या हिशोबापासून सुरू होईल. कारण ट्यूब ॲम्पचा जो टोन आपण रेकॉर्डवर ऐकून भाळतो, तो त्या ॲम्पच्या व्हॉल्यूमच्या एका ठराविक पट्ट्यात राहतो. त्या पट्ट्यापर्यंत तुम्हाला पोचताच येणार नसेल, तर पाटीवर कोणाचं नाव आहे याला फारसा अर्थ नाही.

गिटारच्या बारा इंची स्पीकरची संवेदनशीलता साधारण ९७ ते १०० डेसिबल असते. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक ९८, व्हिंटेज ३० शंभर. याचा अर्थ स्पीकरला एक वॉट दिला की एक मीटरवर शंभराच्या आसपास डेसिबल. फक्त एक वॉट! बंद खोलीत हे मिक्सरच्या भांड्यात खोबरं फिरतंय त्याहून बरंच मोठं आहे. आता फ्लॅटमध्ये, शेजारच्यांनी बेल दाबू नये म्हणून, तुम्ही ऐंशी डेसिबलच्या पलीकडे जाणार नाही. वीस डेसिबल कमी म्हणजे पॉवर शंभरावा हिस्सा. म्हणजे दहा मिलीवॉट. बावीस वॉटचा डिलक्स रिव्हर्ब असो की शंभर वॉटचा मार्शल, घरी तुम्ही दहा मिलीवॉटवर वाजवताय आणि पॉवर ट्यूब (स्पीकर हलवणाऱ्या मोठ्या ट्यूब) मस्त डुलक्या काढतायत.

उलट बाजूने बघा. डिलक्स रिव्हर्ब पूर्ण उघडला तर एक मीटरवर ११३ डेसिबलच्या घरात जातो. शंभर वॉटला तोच स्पीकर १२० ला जाईल. म्हणजे पॉवर साडेचारपट, पण फरक जेमतेम साडेसहा डेसिबल. कानाला दीडपटीच्या आसपास. पब छोटा असला तर साउंड इंजिनिअर दोघांनाही एकच वाक्य ऐकवणार आहे: ‘भाऊ, स्टेजचा आवाज कमी कर.’

हे डोक्यात ठेवून आता टोनकडे येऊ.

ट्यूब ॲम्पमध्ये आवाज तीन ठिकाणी फाटतो. पहिलं ठिकाण प्रीॲम्पच्या (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) छोट्या ट्यूब, बहुतेक १२एएक्स७, जिला युरोपात ईसीसी८३ म्हणतात. दुसरं पॉवर ट्यूब आणि त्यांच्या अलीकडचा फेज इन्व्हर्टर (सिग्नल दोन उलट भागांत वाटणारा टप्पा). तिसरं खुद्द स्पीकर. तुमच्या यादीतल्या ॲम्पमधला खरा फरक कुठली ट्यूब बसवली यात कमी आणि फाटण्याची सुरुवात कुठून होते यात जास्त आहे. आणि टोनचे नॉब त्या जागेच्या आधी येतात की नंतर, यात तर फारच.

फेंडरपासून सुरू करू. कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडरचा कारखाना होता. डिलक्स रिव्हर्ब १९६३ चा, नॉबची पट्टी काळी असायची त्या जमान्यातला. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, जीझेड३४ रेक्टिफायर (आतली वीज एकदिश करणारी ट्यूब), एक बारा इंची स्पीकर. त्याच्या बेस आणि ट्रेबलच्या नॉबचं जाळं पहिल्याच ट्यूबनंतर लगेच येतं आणि ते जाळं मधल्या स्वरांच्या पट्टीत मोठा खड्डा पाडतं. तोच तो प्रसिद्ध चकचकीत, खोलगट क्लीन. टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपवर तार छेडली की प्रत्येक स्वर वेगळा उभा राहतो. कॉर्डमधली तिसरी तार कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. मिडलचा नॉब डिलक्सला नाहीच, आत ६.८ किलोओहमचा एक रेझिस्टर कायमचा बसवलाय.

याचा एक परिणाम नव्यांना माहीत नसतो. टोनचे नॉब आवाज फाटण्याच्या आधी येत असल्यामुळे तुम्ही बेस वाढवला की पुढच्या ट्यूबला जास्त बेस जातो, आणि व्हॉल्यूम सहाच्या वर नेला की खालचे स्वर पिठल्यासारखे पसरतात. मग लोक म्हणतात, डिलक्सचं डिस्टॉर्शन (फाटलेला आवाज) वाईट आहे. वाईट नाहीये. बेस दोनवर आणा. बास गिटारवाला काय मग फक्त हजेरी लावायला आलाय?

दुसरी गोष्ट उलट टोकाची. व्हायब्रेटो चॅनलच्या व्हॉल्यूम नॉबवर ४७ पिकोफॅरडचा एक कपॅसिटर असतो. तो वरच्या कंप्रतांना नॉबला वळसा घालून पुढे सोडतो. व्हॉल्यूम जितका कमी, तितका त्याचा प्रभाव जास्त; दहावर तो असून नसल्यासारखा. म्हणजे घरी दोनवर वाजवताना ॲम्प कानात टाचणी टोचतो आणि स्टेजवर पाचवर तोच ॲम्प गोड होतो. माझ्याकडे डिलक्स येतात त्यांतल्या कितीतरी मालकांची तक्रार नेमकी हीच असते. तो कपॅसिटर एका बाजूने सोडवून ठेवणं हे दुरुस्ती करणाऱ्याचं पाच मिनिटांचं काम आहे. जास्त पाप वाटत असेल तर नॉर्मल चॅनलला गिटार लावा, तिथे तो नाही. मात्र रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) आणि ट्रेमोलोही तिथे नाहीत.

व्हॉक्सची गोष्ट इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, डार्टफर्डला सुरू होते. जेनिंग्ज यांची कंपनी, डिक डेनी यांची रचना. एसी१५ आला १९५८ मध्ये, आणि तो मोठ्या हॉलमध्ये कमी पडायला लागल्यावर त्याचा थोरला भाऊ एसी३०. एसी३० मध्ये चार ईएल८४ पॉवर ट्यूब, कॅथोड बायस (ट्यूबचा निवांत करंट आपोआप जुळवणारी रचना), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक नाही.

हे फीडबॅक प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. फेंडर आणि मार्शलमध्ये स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग मागे आणून पुन्हा मिसळला जातो. त्याने ॲम्प ताठ राहतो, स्वच्छ राहतो, आणि मर्यादा ओलांडली की एकदम फाटतो. व्हॉक्सने ही लगाम लावलीच नाही. म्हणून तो कधी पूर्ण स्वच्छही नसतो आणि कधी एकदम फाटतही नाही. हलक्या हाताने वाजवलं तर काच किणकिणते, जोर लावला की घोगरेपणा चढत जातो. बोटाच्या वजनाला तिघांत सगळ्यात जास्त उत्तर देणारा ॲम्प हा. शॅडोज या बँडच्या हँक मार्व्हिनचा स्वच्छ, घंटेसारखा सूर आणि क्वीनच्या ब्रायन मेचं गाणारं डिस्टॉर्शन, दोन्ही एसी३० मधूनच आलं. तंबोऱ्याच्या जवारीवर सूत किती सरकवलंय त्यावर जसा नाद उघडतो, तसा व्हॉक्स तुमच्या गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर उघडतो. ज्याला तो नॉब फिरवायची सवय नाही त्याने व्हॉक्सवर पैसे घालू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

‘एसी म्हणजे क्लास ए’ असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसेल. क्लास ए म्हणजे कुठलीही पॉवर ट्यूब कधीच पूर्ण थांबत नाही; कॅथोड बायस असला म्हणजे तसं होत नाही. पूर्ण जोरात एसी३० क्लास एबीमध्येच चालतो. पण ट्यूब निवांत असतानाही खूप करंट पितात हे खरं, त्यामुळे ईएल८४ भट्टीसारख्या तापतात आणि लवकर म्हाताऱ्या होतात. व्हॉक्स घेतलात तर ट्यूबचा खर्च इतरांपेक्षा लवकर येणार. फायदा एवढाच की बदलताना बायस जुळवायला माझ्यासारख्याकडे यावं लागत नाही. जुळणाऱ्या जोडीच्या ट्यूब आणा, बसवा, वाजवा.

नॉबबद्दल दोन सूचना. ‘टोन कट’ हा नॉब उलटा चालतो, वाढवला की वरचे स्वर कमी होतात. आणि टॉप बूस्ट चॅनलचे बेस-ट्रेबल दोन्ही वर नेले की मधली पट्टी गायब होते. दोन्ही खाली आणले की मधली पट्टी भरून येते. बँडमध्ये तुमचा व्हॉक्स ऐकूच येत नसेल तर व्हॉल्यूमला हात लावण्याआधी हे दोन नॉब खाली करून बघा.

मार्शल म्हणजे खरं तर फेंडरचंच लंडनला वाढलेलं पोर. जिम मार्शल स्वतः ड्रमर, ड्रम शिकवायचे, पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला त्यांचं वाद्यांचं दुकान. अमेरिकेचे फेंडर ब्रिटनमध्ये फार महाग पडायचे, म्हणून १९६२ मध्ये त्यांच्या दुकानातल्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या ५एफ६-ए बासमनची रचना समोर ठेवून जेटीएम४५ बांधला. सर्किट जवळजवळ तेच. गंमत म्हणजे बासमन मुळात बास गिटारसाठी होता. पण पहिली ट्यूब १२एवाय७ च्या जागी ईसीसी८३ बसवली. तिची आवाज वाढवण्याची क्षमता शंभर, मूळच्या ट्यूबची पंचेचाळीसच्याही आत. पॉवर ट्यूब पुढे केटी६६ झाल्या. आणि उघड्या पाठीच्या खोक्यातल्या चार दहा इंची जेन्सन स्पीकरच्या जागी बंद पेटीत चार बारा इंची सेलेस्टियन आले. एवढ्या बदलांनी तो आवाज जन्माला आला ज्याला आज आपण ‘ब्रिटिश’ म्हणतो.

मार्शलच्या या घराण्यात टोनचे नॉब प्रीॲम्पच्या सगळ्या टप्प्यांनंतर येतात. म्हणजे आधी फाडायचं, मग घडवायचं. त्यामुळे बेस वाढवला तरी पिठलं होत नाही आणि मधली पट्टी छातीवर आदळते. गायक, कीबोर्ड आणि झांजा यांच्यामधून गिटार वाट काढते ती याच पट्टीमुळे. एकट्याने घरी वाजवताना मार्शल नाकात बोलल्यासारखा वाटतो आणि फेंडर स्वर्गीय वाटतो. बँडमध्ये बरेचदा नेमकं उलटं घडतं. दुकानात एकट्याने बसून ॲम्प निवडणाऱ्यांची फसगत इथेच होते.

आता तुमच्या मित्राचा जेसीएम८००. त्याचं सर्किट, म्हणजे २२०३, १९७५ पासूनचं; १९८१ मध्ये त्याला नवं नाव आणि नवा चेहरा मिळाला. जेसीएम ही जिम (जेम्स चार्ल्स) मार्शल यांची आद्याक्षरं आणि त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ८०० होतं, असा त्या नावाचा किस्सा. या ॲम्पची किल्ली एका टप्प्यात आहे: प्रीॲम्पच्या दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावलाय. ट्यूब इतकी थंड चालते की लाटेची एक बाजू लवकर कापली जाते. जेसीएम८०० चा तो कोरडा, कुरकुरीत, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा कडक क्रंच बराचसा तिथून येतो. मास्टर व्हॉल्यूम (प्रीॲम्प फाटू देऊन एकूण आवाज वेगळा ठरवणारा नॉब) असल्यामुळे तो कमी आवाजातही थोडाफार मिळतो. पण रिव्हर्ब नाही, मूळ २२०३ ला इफेक्ट लूप (प्रीॲम्प आणि पॉवर भागाच्या मध्ये पेडल जोडायची सोय) नाही आणि फूटस्विचने बदलायचा दुसरा चॅनलही नाही. एकच गोष्ट करतो, पण अशी करतो की दुसरं काही मागावंसं वाटत नाही. तुमच्या यादीतली दोन-तीन हार्ड रॉक गाणी त्यावर अफलातून वाजतील. बाकीची पंधरा गाणी तुम्ही गिटारचा व्हॉल्यूम तीनवर ठेवून काढाल.

डीएसएल४० हा सोयींचा ॲम्प. दोन चॅनल, प्रत्येकात दोन प्रकार, रिव्हर्ब, इफेक्ट लूप, चाळीसवरून वीस वॉटवर आणायचं बटण, दोन ईएल३४. क्रंच खरोखर चांगला आहे. क्लीन ठीक आहे, पण त्यात फेंडरची चमक किंवा व्हॉक्सची किणकिण शोधू नका. जास्त गेनच्या (जास्त फाडणाऱ्या) चॅनलवर वरच्या बाजूला एक माशीसारखी गुणगुण असते, मला ती आवडत नाही. काहींना त्याशिवाय जमत नाही. वॉट अर्धे करणाऱ्या त्या बटणावर फार भिस्त ठेवू नका. पॉवर अर्धी म्हणजे तीन डेसिबल. डोळे मिटून बसलात तर कोणी बटण दाबलं की नाही यावर वाद होऊ शकतो.

इथे ट्यूबच्या नावांबद्दल बोललंच पाहिजे, कारण खरेदी करणारे त्यावरच सगळ्यात जास्त भांडतात. ‘ईएल८४ म्हणजे व्हॉक्स, ६एल६ म्हणजे फेंडर, ईएल३४ म्हणजे मार्शल.’ मग फेंडरच्याच ब्लूज ज्युनिअरमध्ये दोन ईएल८४ आहेत, तो व्हॉक्ससारखा का वाजत नाही? मार्शलने १९६० च्या दशकात केलेला अठरा वॉटचा कॉम्बोही (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) ईएल८४ वरच होता. आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच जेसीएम८०० मध्ये ईएल३४ ऐवजी ६५५० बसलेल्या होत्या, तरी ते मार्शलच राहिले. पॉवर ट्यूबचा स्वतःचा स्वभाव असतो, नाही असं नाही. पण तो भाजीतल्या मिठाइतका, भाजी कुठली ते मीठ ठरवत नाही.

रेक्टिफायर ट्यूबचंही तसंच. जीझेड३४ असलेल्या ॲम्पमध्ये जोरात वाजवलं की व्होल्टेज किंचित खाली बसतं आणि स्वर उगवताना दबून मग फुलतो. याला ‘सॅग’ म्हणतात. छान लागतं. पण ते जोरात वाजवल्यावर. दहा मिलीवॉटवर रेक्टिफायर ट्यूब असली काय आणि डायोड असले काय. आजच्या एसी१५ कस्टममध्ये डायोडच आहेत, आणि त्यावरून कोणी नाकं मुरडायची गरज नाही.

स्पीकरकडे मात्र लोक ढुंकूनही बघत नाहीत. माझ्या टेबलाशेजारी दोन पेट्या कायम असतात: एक उघड्या पाठीची, एका बारा इंची जेन्सनची, एक बंद, दोन व्हिंटेज ३० ची. ओळखीच्या वादकांना मी कधीकधी पाठमोरं बसवून फेंडर बंद पेटीतून आणि मार्शल उघड्या पेटीतून ऐकवतो, आवाज सारखा करून. अनुभवी कानांनीही चूक केलेली आहे, माझ्या कानांनीसुद्धा. उघड्या पाठीतून आवाज मागेही जातो, भिंतीवरून परततो, खोली भरते, पण खालचे स्वर विरघळतात. बंद पेटी तोफेसारखी समोर मारते. तुमच्या कॉम्बोचा स्वर रुचत नसेल तर ॲम्प विकण्याआधी स्पीकर बदलून बघा. आणि ९५ डेसिबलचा स्पीकर काढून शंभरचा लावलात, तर तेवढाच आवाज मिळवायला जवळजवळ तिप्पट पॉवर लागली असती हेही लक्षात घ्या.

सोयींमध्ये तुम्हाला खरोखर महत्त्वाची एकच आहे: इफेक्ट लूप. डिस्टॉर्शन ॲम्पच्या प्रीॲम्पमधून घेणार असाल तर डिले आणि रिव्हर्ब त्याच्यानंतर यायला हवेत, नाहीतर प्रतिध्वनीच फाटतो आणि सगळा चिखल होतो. त्यासाठी लूप हवा. डिलक्स रिव्हर्ब आणि एसी१५ कस्टममध्ये तो नाही. पण हे दोन्ही ॲम्प तुम्ही क्लीन किंवा जरासे घोगरे ठेवून, डिस्टॉर्शन पेडलमधून घेणार असाल तर लूप नसल्याने काही बिघडत नाही. ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शनचं पेडल), मग डिले, मग ॲम्प. डिलक्स पेडलसाठी कोऱ्या पाटीसारखा आहे. व्हॉक्स पेडलवर स्वतःचा शिक्का मारतो, आणि कर्कश ओव्हरड्राइव्ह त्याला अजिबात झेपत नाही.

रिव्हर्बच्या बाबतीत फेंडर राजा. स्प्रिंगची टाकी, तिला ढकलायला वेगळी ट्यूब आणि छोटा ट्रान्सफॉर्मर. जुन्या हिंदी गाण्यांच्या गिटारला तो ओलावा पाहिजेच. ट्रेमोलोही गोड आहे. आवाज कमीजास्त होणं म्हणजे ट्रेमोलो, स्वर हलणं म्हणजे व्हायब्रेटो. लिओ फेंडर यांनी ॲम्पवर ट्रेमोलोला व्हायब्रेटो लिहिलं आणि गिटारच्या व्हायब्रेटोच्या दांड्याला ट्रेमोलो. गेली साठ-सत्तर वर्षं सगळे हा गोंधळ निष्ठेने पुढे नेतायत.

ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये अटेन्युएटर लावून मोठा ॲम्प घरी वाजवायची कल्पना चांगली आहे, पण तिची किंमत असते. ॲम्प पूर्ण जोरात चालतोय, ट्यूब झिजतायत, ट्रान्सफॉर्मर तापतोय. फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. शिवाय दोन गोष्टी अटेन्युएटर परत देऊ शकत नाही: स्पीकरच्या कागदाचं ताणलं जाणं आणि तुमच्या कानाचा स्वभाव. कमी आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. म्हणून घरी जुळवलेला स्वर, नॉब तसेच ठेवून स्टेजवर नेला की खाली घुमतो आणि वर टोचतो. नॉबच्या जागा पाठ करू नका. प्रत्येक जागी बेस कमी करून सुरुवात करा.

आता आपल्याकडच्या विजेचा मुद्दा, आणि माझ्याकडे येणारी निम्मी कामं इथलीच असतात. अमेरिकेत घेतलेला ॲम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. कोणी नातेवाईक येताना आणतो, स्वस्तात पडतो. एकदा असाच एक ॲम्प माझ्याकडे आला. मालकाने पिन बदलून तो सरळ भिंतीत लावला होता. फ्यूज उडाला, म्हणजे फ्यूजने आपलं काम केलं. पुढे कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. मग पॉवर ट्रान्सफॉर्मरने आपलं काम केलं आणि घरभर वास पसरला. असा ॲम्प घेतलात तर त्याच्या कमाल वापराच्या किमान दुप्पट क्षमतेचा, तांब्याच्या गुंडाळ्यांचा खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. हातात मावणारे प्रवासी कन्व्हर्टर नकोत. त्यातून अर्थिंग पुढे जातंय का हे मीटरने तपासून घ्या. अर्थ तुटलेला ॲम्प, हातात गिटार आणि ओठांजवळ वेगळ्या लाइनवरचा माइक, हा खेळ जिवावर बेततो. ५० हर्ट्झवर तो अमेरिकन ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापणार, हेही धरून चाला.

आपल्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज अडीचशेपर्यंत चढलेलं मी पाहिलंय. २३० च्या ॲम्पमध्ये तेव्हा ६.३ व्होल्टचे फिलामेंट पावणेसातच्या पुढे जातात आणि आतलं चारशे व्होल्टचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात वाढतं. डिलक्समधल्या ६व्ही६ ट्यूब फेंडरने मुळातच त्यांच्या छापील मर्यादेच्या वर चालवल्या आहेत, त्यामुळे तिथे ही वाढ जास्त बाधते. चांगला स्टॅबिलायझर लावा. गणपतीतल्या किंवा मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमाला जनरेटर असेल तर सुरू करण्याआधी सॉकेटमध्ये मीटर घालून बघा, लाजू नका. २०२२ मध्ये रशियातून ट्यूब येणं अडलं तेव्हा किमती भराभर चढल्या होत्या. आजही ट्यूब प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या तीन देशांतूनच येतात. म्हणून पॉवर ट्यूबची एक जास्तीची जोडी घरात असू द्या.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी ॲम्प चालू ठेवा. पुण्यात चालून जातं, पण मुंबई-कोकणातले ॲम्प जूननंतर माझ्याकडे खरखरत येतात: नॉबमध्ये ओल, जॅकवर गंज, आवरणावर बुरशी. आणि स्पीकरची वायर लावल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही चालू करू नका. वाजवलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच जळतो, आणि तो सगळ्यात महागडा भाग. मागचा पत्रा स्वतः उघडायचा मोह आवरा; पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात.

तर तुमचं काय? मी तुमच्या जागी असतो तर २३० व्होल्टचा डिलक्स रिव्हर्ब घेतला असता आणि एक बऱ्यापैकी ओव्हरड्राइव्ह पेडल. जुनी हिंदी गाणी आणि ब्लूज टेलिवर ॲम्पच्या स्वतःच्या स्वरात, पाचच्या आसपास. हार्ड रॉकला हमबकर आणि पेडल. मार्शलची छाती त्यात मिळणार नाही, पण पबमधल्या तीन गाण्यांना पुरेल. वजन एकोणीस किलोच्या आसपास आहे, म्हणजे लिफ्ट बंद असली तरी उचलता येतं; तुमच्या इमारतीत एसी३० असता तर मी आधी मजला विचारला असता. बँडमध्ये दुसरा गिटारवाला फेंडरवरच वाजवत असेल तर मात्र एसी१५ घ्या, दोघं एकमेकांच्या पायात येणार नाहीत. डीएसएल४० तेव्हाच, जेव्हा एका गाण्यात तीन वेगवेगळे स्वर पायाने बदलायचे असतील. आणि मॉडेलिंग ॲम्प विकू नका. रात्री अकरा वाजता फ्लॅटमध्ये तोच तुमचा खरा ॲम्प आहे. ट्यूब ॲम्प सरावाच्या खोलीत ठेवा.

घेण्याआधी एक करा. एक तासासाठी सरावाची खोली घ्या, ड्रमरला सोबत न्या, स्वतःच्या दोन्ही गिटार न्या. सगळे नॉब मध्यावर, ड्रमर वाजवतोय, आणि तुमचा ॲम्प त्याच्या बरोबरीने येईपर्यंत व्हॉल्यूम वाढवा. त्या जागी नॉब कितीवर आहे ते बघा आणि तिथला स्वर आवडतो का ते ठरवा. कानात बोळे घाला.

मित्राचा जेसीएम८०० ऐकून मन फारच वळलं तर शंभर वॉटचा न घेता पन्नास वॉटचा २२०४ कुठे मिळतो का बघा. आवाजात तीन डेसिबलचा फरक, ट्यूबचा खर्च निम्मा. तरीही मित्राचाच घ्यायचा ठरला, तर गिटार लावण्याआधी ॲम्प उलटा वळवा आणि मागच्या पट्टीवर व्होल्टेजच्या जागी १२० लिहिलंय की २३०, ते वाचा.